खोक्यावर ६ फूट, पाण्यात १०

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी घेतलेल्या चार क्रँकबेटबद्दल (पाण्यात बुडी मारणाऱ्या नकली आमिषांबद्दल) तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमच्या चॅटवरच्या ताई पुण्यातून बोलत होत्या, म्हणून सरळ मराठीतच लिहितो. इंग्रजीत तीनदा सांगून झालं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: "बोट हळू चालवून बघा."

मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि सेंट क्लेअर तलावात मस्कीसाठी ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेतो. तलाव भला थोरला, पण खोली सरासरी ११ फुटांच्या आसपास. १९८८ साली इथे झेब्रा शिंपल्या सापडल्या. तेव्हापासून त्या पाणी गाळत आल्या आहेत, ऊन खोलवर पोचतं आणि तळाला गवत माजतं. आमिष या गवताच्या शेंड्यांवरून गेलं पाहिजे. फूटभर खाली गेलं की गवताची जुडी घेऊनच वर येतं. त्यामुळे इथे आमिष निवडताना रंग नंतर, खोली आधी.

तुमच्या खोक्यावर 'ट्रोलिंग खोली ६ फूट' असं ठळक छापलंय, म्हणून आठ इंची चार घेतली. पहिल्याच फेरीत दर दोन मिनिटांनी रॉडच्या टोकाची थरथर थांबायची. थरथर थांबली म्हणजे गळाला गवत लागलं, हे ट्रोलिंग करणाऱ्याला सांगावं लागत नाही. शेजारच्या रॉडवर माझं जुनं आमिष होतं, ते मात्र मजेत चाललं होतं.

मग सपाट तळाच्या, बरोबर १० फूट पाण्यात बोट नेली. ८० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), ताशी ४ मैल वेग, रिळावरच्या काउंटरवर बघून ४० फूट दोरी सोडली. लिप, म्हणजे आमिषाला खाली नेणारी तोंडाची पट्टी, तळाला ठकठक लागायला लागली. म्हणजे १० फूट! दोरी किती सोडली, किती जाड, वेग किती, यावर खोली बदलते, हे मला कळतं. पण तुमचे ६ फूट कोणत्या हिशेबाचे, हे खोक्यावर कुठेच नाही. जाडी नाही, लांबी नाही, वेग नाही.

चारपैकी दोन तर सरळ चालतच नाहीत. ताशी ३ मैलांच्या वर गेलं की उजवीकडे पळतात, ४ वर कुशीवर पडतात. दोरी बांधायची कडी पक्कडीने केसभर डावीकडे वाकवून पाहिली, फरक शून्य. घरी टेबलावर पट्टी लावली तर लिपच तिरकी चिकटवलेली निघाली. मालवणात लहानपणी गरवायला बसायचो, तेव्हा गरी वाकडी असली तर दुकानदार मुकाट्याने बदलून द्यायचा. आणि बोट हळू कशाला चालवू? उन्हाळ्यात मस्की वेगाच्या आमिषावरच झेपावते, असा माझा इथला अनुभव आहे.

तिरक्या लिपच्या दोन्हींचे पैसे परत हवेत, नवी जोडी नको. उरलेली दोन मी ठेवतो, तलावाच्या खोल भागात चालतील. मात्र खोक्यावरच्या आकड्याखाली दोरीची जाडी, लांबी आणि वेग छापा.

ऑर्डरची पावती आणि फोटो जोडले आहेत. तिसऱ्या फोटोत आमिष आहे, गवतात नीट शोधा.

कळावे,
आपला एक ग्राहक