शिळेवरच्या आकड्यांना नावे मिळावीत : ग्रामस्थ व माहेरवाशिणींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या अनेक गावांप्रमाणे आपल्याही चावडीच्या भिंतीत एक शिळा बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढे दोनच आकडे तिच्यावर इंग्रजीत कोरलेले आहेत. नाव एकाचेही नाही. स्मारक समितीने या माणसांची नावे शोधायला घेतल्यावर लक्षात आले की, या आकड्यांत सख्ख्या भावांच्या जोड्या आहेत. थोरला पलटणीत गेला की त्याच्या ओळखीने धाकटा भरती व्हायचा, आणि पुष्कळदा त्याच पलटणीत जायचा, त्यामुळे एका लढाईची झळ एकाच उंबऱ्याला दोनदा बसे.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तुर्कांनी घातलेल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. १४७ दिवस उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि त्यानंतर कैदेतल्या वाटचालीत व छावण्यांत असंख्य शिपाई दगावले. त्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि कबरीचा ठावठिकाणा नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक इराकमधल्या बसरा शहराजवळ आहे. पण त्याच्या भिंतींवर साध्या हिंदी शिपायांची नावे न कोरता पलटणीवार केवळ संख्या दिली गेली. म्हणजे गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच. ही गोष्ट आम्हाला फार लागली, हे मोकळेपणाने सांगतो.

युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत बहुधा वडिलांचे नाव, गाव आणि तालुका सापडतो, आणि त्यावरूनच दोन शिपाई भाऊ असल्याचे कळते. मात्र गावांची नावे इंग्रजीत इतकी वेडीवाकडी लिहिली गेली आहेत की घरच्या कागदाचा आधार मिळाल्याशिवाय खात्री पटत नाही. शिवाय जे जिवंत परतले, ते तर या नोंदींत नाहीतच. एक भाऊ तिकडेच राहिला आणि दुसरा परत येऊन पन्नास वर्षे शेती करत राहिला, अशा घरातले दोघेही नावांच्या नव्या शिळेवर यावेत, असा समितीचा निर्णय आहे.

गेल्या महिन्यात एका माहेरवाशिणीने आजीच्या पत्र्याच्या पेटीतली दोन पदके आणून दाखवली. घरात ती दोन्ही एकाच पणजोबांची समजली जात. पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. भिंग धरून वाचले तेव्हा नंबरही वेगळे निघाले आणि नावेही. दुसरे पदक पणजोबांच्या धाकट्या भावाचे होते, आणि असा कोणी भाऊ होता हेच त्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. ताई बराच वेळ ते पदक हातात घेऊन बसून होत्या.

म्हणून प्रत्येक घराला विनंती आहे की, माळ्यावरच्या पेट्या, देव्हाऱ्यामागचे डबे आणि जुनी दप्तरे एकदा उघडून पाहावीत. पदके, मृत सैनिकाच्या घरी आलेली पितळी दिसणारी मोठी गोल तबकडी, पेन्शनचे कागद, फोटो, पत्रे, जे असेल ते कळवावे. १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११ व्या महार पलटणीत किंवा मजूर तुकड्यांत गेलेल्यांच्या घरांनीही अवश्य पुढे यावे. शिळेवरचा आकडा सगळ्या गावाचा आहे. कोणतीही वस्तू समिती ताब्यात घेणार नाही. कार्यकर्ते घरी येतील, तुमच्यासमोर छायाचित्र काढतील आणि वस्तू तिथेच ठेवून जातील. मोडी वाचणाऱ्यांची आम्हाला निकड आहे, कारण मिळालेली काही पत्रे अजून वाचायची राहिली आहेत.

जुनी शिळा आहे तशीच राहील. तिच्या शेजारी नावांची नवी शिळा बसवण्यासाठी दगड, कोरीव काम आणि चौथरा यांचा खर्च आहे. देणगी कितीही असो, तिची पावती मिळेल आणि पूर्ण हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जाईल. मुंबई-पुण्यात असलेल्या मंडळींनी गावाकडच्या नातेवाइकांमार्फत रक्कम पाठवली तरी चालेल.

नव्या शिळेवर भावांची नावे एकाखाली एक येतील आणि त्यांच्यावर आईवडिलांचे नाव असेल. वडिलांचे नाव कागदावर मिळते, आईचे बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ते घरातल्या कुणा वयस्कर बाईला आठवत असेल, तर कृपया आजच विचारून ठेवावे आणि ग्रामपंचायत कार्यालयातल्या नोंदवहीत लिहून जावे.

आपली,
स्मारक समिती व समस्त ग्रामस्थ