केबलवाले भाऊ, रिमोट माझ्याकडेच राहिलाय

केबलवाले भाऊ,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुम्ही बॉक्स परत न्यायला आलात. "वहिनी, धंदा आवरतोय. गल्लीत अकराच कनेक्शनं उरली, बाकीचे डिशवर गेले नाहीतर मोबाईलवर," म्हणालात. मी पाणी दिलं, चहाचं विचारलं. तुम्ही नको म्हणालात, वायर कोपरापासून गुंडाळलीत आणि गाडीला किक मारली. तुम्ही कोपऱ्यावर वळलात तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तीस वर्षांत या माणसाला मी "भाऊ, चित्र हलतंय" यापलीकडे काही बोललेच नाही. ते आता लिहिते. उघडंच लिहिते, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्या जणींनाही वाचता येईल. त्यांचंही देणं आहे तुमच्याकडे.

तुमच्या आधी आमच्या गच्चीवर अँटेना होता. वैशाखात वावटळ आली की तो गरकन फिरायचा. मग एक जण वर, एक जण खाली. "आलं का?" "मुंग्याच आहेत अजून!" तुम्ही 1994 साली शिडी घेऊन आलात, खांबावरून काळी वायर टाकलीत आणि दूरदर्शनसुद्धा आरशासारखं दिसायला लागलं. नवी चॅनलं बघायला म्हणून लोकांनी केबल घेतली. मी घेतली ती दुपारच्या 'शांती'साठी. शांती मोठ्या लोकांच्या बंगल्यात शिरून त्यांना प्रश्न विचारायची. मग 'स्वाभिमान' आलं, पुढे सह्याद्रीवर 'दामिनी'. दामिनी पत्रकार होती. भाऊ, तुम्हाला गंमत वाटेल, पण मला तेव्हा कोणी विचारलं असतं की तुझी शाळा कुठली, तर मी दुपार सांगितली असती. पुरुष दुकानावर नाहीतर वावरात, पोरं शाळेत, सासूबाई पंख्याखाली आडव्या झालेल्या, आणि माझ्यासमोर एक बाई खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारतेय, "हे तुम्ही केलंत की नाही?"

नंतर 2000 साल आलं, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि टीव्हीवरची बाई दुपारची उठून रात्रीत गेली. रात्री गेली आणि स्वयंपाकघरात अडकली. माझं मत पक्कं आहे: दुपारची बाई प्रश्न विचारायची, रात्रीची बाई रडायची. हे म्हणताना मी ती रात्रीची रडारड एकही दिवस चुकवली नाही, हेही कबूल करते. तुम्ही साक्षीदार आहात.

त्या काळातली तुमची खरी मेहरबानी भारनियमनाची. 2005 नंतरची दोन-तीन वर्षं आठवतात ना? लाईट जायचे ते तासन्तास. त्यात आपल्या गल्लीचं वेळापत्रक वेगळं आणि तुमची डिश होती त्या पेठेचं वेगळं. आमच्याकडे लाईट असले तर तुमच्याकडे नसायचे, म्हणजे टीव्ही चालू आणि पडदा निळा. 'वादळवाट'चा ऐन भाग आणि गल्लीतून एकच आरोळी, "लाईट गयी व माय!" (त्यातल्या घरातले सगळे चौधरी. आपल्याकडे खानदेशात दर चार घरांत एक चौधरी, म्हणून ती मालिका आपल्या बायकांना घरचीच वाटायची.) मी एकदा नुसतं बोलून गेले की त्यातल्या खलनायकाचं, देवराम खंडागळेचं, काय झालं ते कळलंच नाही. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तुमच्या व्हिडिओ चॅनलवर, जिथे एरवी जुने पिक्चर लागायचे, तिथे रात्रीचा भाग! रात्रभर बॅटरीवर व्हीसीआर चालवून टेप केला होता तुम्ही. ते कायद्यात बसायचं की नाही, मला विचारू नका. पुढची दोन वर्षं ज्या रात्री लाईट गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकला तो भाग लागला. चॅनलवाल्यांचं मला माहीत नाही, भाऊ. आमच्या गल्लीत पुनःप्रक्षेपणं तुम्ही आणली.

त्या एकच्या भागाला आमच्या ओसरीत सात जणी जमायच्या. उन्हाळ्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा गच्चीवर पहाटेच थापून व्हायचा. दुपारी एकीला शेवया मोडायच्या असत, एकीला लसूण सोलायचा असे. भाग संपला की टीव्ही बंद आणि चर्चा सुरू. खंडागळेवरून गाडी आपल्या नगरसेवकावर कधी यायची, कळायचं नाही. सिरियल बघणाऱ्या बाईला राजकारण कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ती एक दुपार ओसरीत काढायला हवी होती. आम्हाला सवयच लागली होती: कोण काय बोलतंय ते ऐकायचं, पण बघायचं ते चाव्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला आहे. सगळ्या मालिकांचं राजकारण शेवटी तिथेच. सासू खुर्चीत बसलेली असते, आणि तिजोरी उघडते भलतीच.

त्या वर्षी नळाचं पाणी तीन दिवसांआड यायचं आणि यायचं ते बरोबर दुपारी एक वाजता. हंडे भरू की भाग बघू? आम्ही सातही जणी अर्ज घेऊन जिथे जायचं असतं तिथे गेलो. साहेबांनी खुर्च्या दिल्या, अर्ज घेतला, "बघतो" म्हणाले. दोन महिने काहीच नाही. तुम्ही महिन्याचे पैसे घ्यायला आलात तेव्हा मी ही रड तुम्हाला ऐकवली. तुम्ही कार्डावर सही करता करता एकच वाक्य बोललात: "वहिनी, साहेबाकडे कशाला गेल्या? किल्ली व्हॉल्वमनकडे असते." माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. इतकी वर्षं जुडगे बघून आमच्या डोक्यात ते आलं नव्हतं! आम्ही त्या व्हॉल्वमनला गाठलं. बिचारा म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही, पलीकडच्या भागाला पहाटे सोडतो, तुम्हाला पहाटे सोडलं तर त्यांना दुपारी जाईल. मग त्या भागातल्या बायकांशी आमची बोलणी झाली. त्या काही सिरियल बघणाऱ्या नव्हत्या, म्हणून जमलं. निदान तेव्हा तरी आम्हाला तसं वाटलं. नंतर कळलं की त्या दुसऱ्या केबलवाल्याकडे होत्या आणि त्यांचा भाग चारला लागायचा.

तुमच्याशी भांडणही झालंय. ते लिहिलं नाही तर पत्र खोटं ठरेल. एका निवडणुकीत तुम्ही पडद्याच्या खालच्या बाजूला एका उमेदवाराची पट्टी सोडली होती. हात जोडलेला फोटो आणि धावती अक्षरं. नायिका रडतेय आणि तिच्या हनुवटीवरून "आपला माणूस, कामाचा माणूस" धावतोय. मी फोन केला. तुम्ही म्हणालात, "वहिनी, धंदा आहे, आणि वायर त्यांच्याच खांबांवरून जातेय." तुमची अडचण मला समजत होती. केबल कोणाच्या वॉर्डातून न्यायची, कोणाच्या गच्चीवर ताण बांधायचा, हे सगळं राजकारणच. तरी मी म्हणाले, पट्टी लावा, पण आमच्या दुपारच्या दोन तासांत नको. तुम्ही फोन ठेवलात. दुसऱ्या दिवशी एक ते तीन पडदा स्वच्छ होता. तीन वाजून एक मिनिटाने तो कामाचा माणूस परत धावायला लागला. त्या दोन तासांसाठी तुम्हाला कोणाचं काय ऐकावं लागलं, तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

लोकांना वाटतं, बायका टीव्हीवरचा चेहरा बघून मत देतात. मी 'रामायण' शेजारच्यांच्या घरी, सतरंजीवर बसून बघितलंय, रविवारी सकाळी. 1991 ला त्यातली सीता बडोद्यातून आणि रावण साबरकांठ्यातून लोकसभेत गेले. एकाच राज्यातून, एकाच पक्षाकडून! आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन दिवस माझ्यावर विश्वास ठेवला नाही. 'महाभारता'तला कृष्ण 1996 ला जमशेदपूरहून गेला, राम 2024 ला मेरठहून. आपल्याकडे अमोल कोल्हे 2019 ला शिरूरमधून निवडून आले तेव्हा त्यांची संभाजी महाराजांची मालिका चालूच होती. म्हणजे चेहऱ्याचा उपयोग होतो. पण 'क्योंकि'मधल्या तुळशीचं, स्मृती इराणीचं, बघा. सगळा देश तिला घरची सून मानत होता त्याच काळात, 2004 ला, ती चांदणी चौकात हरली. 2014 ला अमेठीत हरली, 2019 ला तिथेच जिंकली, 2024 ला तिथेच पुन्हा हरली. मालिका 2008 ला संपली होती, म्हणजे जिंकली तेव्हा तुळशी म्हणून नव्हे आणि हरली तीही तुळशी म्हणून नव्हे. चेहरा तिकीट मिळवून देत असेल. त्यापुढे बायका आपलं आपण बघतात.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी एसटीने गेले होते. मांडवात शेजारी एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "मालिकांनी बायकांची डोकी बिघडवली." मी विचारलं, तुम्ही दुपारी काय बघता? म्हणाले, बातम्या. आता बातम्यांचं मी काय सांगू, भाऊ! एकाच चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आपटायचा, मागे धडाम वाजवायचं, जाहिरातीच्या आधी अर्धं वाक्य सोडायचं, हे सगळं आमच्या मालिकांकडून उचललेलं. नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी आणि जून 2022 ला सुरत, मग गुवाहाटी, हे मी कामं टाकून बघितलं. आमच्या घरात सगळ्यांनीच बघितलं. पटकथा कसलेली होती. मला फक्त एक खटकलं. आमच्या मालिकांमध्ये निदान कटकारस्थान करायला तरी बाई असते. त्या हॉटेलांतल्या नाट्यात ठरवणारी बाई मला दिसली नाही. ते गृहस्थ पुढच्या परिसंवादाला उठून दुसऱ्या रांगेत गेले.

माझ्या तक्रारी मालिकांबद्दलही आहेत, आणि त्या तुमच्याशिवाय कोणाला सांगू? नायिका सरपंच होते, मग तिचा हार, तिचा फेटा, तिची सासू. ग्रामसभा मात्र दिसत नाही. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. माझ्या माहेरच्या गावात सरपंचबाई घरात आणि सही घ्यायला नवरा मोटरसायकलवर, असं पाच वर्षं चाललं. यावर दुपारची एक मालिका निघाली तर मी बिबडे सोडून बसेन. कापसाचा भाव कधी कोण्या नायिकेच्या तोंडी येत नाही. आणि गावरान माणूस दाखवला की तो कोल्हापूरकडचंच बोलतो. आपली अहिराणी माझ्या कानावर पडली ती नोकराच्या नाहीतर वेंधळ्या पाहुण्याच्या तोंडून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गल्लीत झोके बांधतात तेव्हा सासर-माहेरची जी गाणी होतात, त्यांत दहा मालिकांचा मसाला आहे. कोणी घेत नाही.

शेवटची आठवण 2019 ची. केबलचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, ट्रायचा, नवा नियम आला, शंभर चॅनलांचे 130 रुपये आणि कर, बाकी हवी ती चॅनलं निवडून घ्यायची. तुम्ही कागद घेऊन दारोदार फिरत होतात. आमच्या घरी सगळे हजर होते. यांना क्रिकेट हवं होतं, मुलाला इंग्रजी पिक्चर. तुम्ही कागद माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "वहिनी, टीव्ही जास्त तुम्ही बघता. तुम्ही सांगा." पेनही दिलंत. दोन महिन्यांनी लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आत जाऊन मी अर्ध्या मिनिटात बटण दाबून आले. त्या कागदावर मात्र पाऊण तास घेतला. हे आतून दोनदा विचारून गेले, "झालं का?" तुम्ही ओट्यावर बसून राहिलात, घाई केली नाहीत. त्या पाऊण तासाबद्दल आभार. पट्टीच्या दोन तासांबद्दल आभार. व्हीसीआरच्या रात्रींबद्दल तर किती मानू!

आता कामाचं. बॉक्स नेलात, पण रिमोट इथेच राहिलाय, उशीखाली होता. आणि पिवळ्या कार्डावर मागच्या महिन्याची तुमची सही नाही. पैसे मी दिले होते की नाही, मला आठवत नाही, तुमच्या वहीत बघून या. नसतील दिले तर देईन. येताना वहिनींनाही आणा, या वर्षीचे बिबडे चांगले उतरलेत, तळून देते. कधीही या, फक्त एक ते तीन सोडून.

तुमची,
गल्लीतली वहिनी