चि. बाळास, विम्याच्या कागदांबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपला दोघांचाही आवाज चढला, म्हणून लिहून पाठवतेय. तू धाडलेले तिन्ही विम्याचे कागद मी चष्मा लावून, बारीक अक्षरासकट वाचले. ठेकेदाराची रोजंदारी सोडून स्वतःच्या नावावर गिलाव्याची कामं घेतोस, हे मी भेटेल त्याला सांगत सुटलेय. पडण्याबिडण्याचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. फक्त कागदांचं लिहिते.

तुला सगळ्यात कमी हप्त्याचा पसंत आहे. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं. छताचा पोपडा कुणाच्या डोक्यात पडला, खाचा पाडताना पाइप फुटला, असं. ते हवंच. पण तुझाच गिलावा भेगाळला किंवा फुगला, तर पुन्हा करून द्यायचा खर्च तिघांपैकी कुणीच देत नाही. आणि त्या स्वस्तातल्या कागदात ठरावीक उंचीवरचं काम सरळ वगळलंय. मग बाहेरच्या भिंती कशा करणार? शिवाय दर दाव्यात पहिली काही रक्कम आपण भरायची असते, ती तिथेच सगळ्यात मोठी. हप्ता उगाच कमी नाही.

दुसरा मला बरा वाटला. त्यात हत्यारं आहेत, पण रात्रभर गाडीत ठेवून चोरीला गेली तर नाही. मदतीला एक दिवस घेतलेला पोरगाही त्यात धरता येतो. तेवढे पैसे जास्त भर, त्याला काही झालं तर जाब तुलाच द्यावा लागेल.

आणि तुला काही झालं तर? परांचीवरून तू पडलास तर या दोन्हींत तुझ्या हातात एक पैसाही नाही. बघ, आलेच मी तिथे.

अपघाताचं कलम तिसऱ्यातच आहे. काम बंद असेपर्यंत दर आठवड्याला पैसे, तेही सुरुवातीचे काही दिवस सोडून. त्यात ‘कोणतंही काम करता न येणं’ लिहिलंय की ‘आपला नेहमीचा धंदा करता न येणं’, ते नीट बघ. खांदा गेलेला माणूस गल्ल्यावर बसू शकतो, छताला थापी लावू शकत नाही. पहिलं लिहिलं असेल तर त्याला काहीच मिळायचं नाही.

बाबांच्या बोटांच्या टोकांना सिमेंटने बारीक भोकं पडायची. रात्री मी तेल लावायला गेले की ते हात मागे घ्यायचे. पुढे पुढे कातडीच अशी बिघडली की ओला माल हातात धरवेना. हा काही अपघात नव्हे, त्या कलमात बसत नाही. आजाराने काम थांबलं तर त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. हातमोजे घाल. ओल्या मालात गुडघे टेकू नकोस, कापडातून भाजतं आणि उशिरा कळतं. घासताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धूळ छातीत बसते. चुकलंच माझं, शिकवायला बसले. आत्याच्या घरची भिंत मी हात फिरवून पाहिलीय, कुठे एक लाट नाही. बाबा असते तर ओळंबा काढलाच नसता त्यांनी.

एक मात्र ऐक. हप्ता उतरतो म्हणून अर्जात धंदा ‘रंगकाम’ लिहू नकोस. दाव्याच्या वेळी तेवढ्यावरच नाकारतात. छत, बाहेरची भिंत, परांची, जे करतोस ते सगळं लिही, आणि उंची किती चालते ते त्यांच्याकडून लेखी घे. फोनवरचं ‘हो हो, बसतं त्यात’ नको. ते हातात येईपर्यंत त्या तिमजली कामाला होकार देऊ नकोस. ताईलाही मी हेच सांगितलंय, ती तुला विचारेल.

तुझी आई