फरशीखालच्या एसीबाबत सूचना

सर्व गाळेधारक सभासदांना नमस्कार.

नूतनीकरणानंतर आपल्याकडे थंड हवा छतातून नव्हे, तर उचललेल्या फरशीखालच्या पोकळीतून येते. म्हणूनच जुन्या इमारतीच्या छताची उंची राखता आली. ती पोकळी हाच आपला डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारा मार्ग आहे. केबल टाकायला फरशीचा पॅनल उचलला आणि नीट बसवला नाही, की हवा फटीतून निसटते आणि पलीकडच्या टोकाला बसणारे उकाड्यात राहतात. दुसऱ्या मजल्यावर नुकतेच हेच झाले.

फरशीतल्या जाळ्यांवर कपाट, खोकी किंवा गालिचा ठेवू नका. पायाला गार लागत असेल तर पुठ्ठा न लावता जाळीचे झाकण फिरवून हवा कमी करा. ही हवा साधारण १६ ते १८ अंशांची, म्हणजे छतातल्या एसीच्या हवेपेक्षा कमी गार असते. थर्मोस्टॅटवरचे तापमान खाली ओढून उपयोग नाही.

पावसाळ्यात खिडक्या बंदच हव्यात. मुंबईची दमट हवा आत शिरली, की फरशीखालच्या गार स्लॅबवर पाणी धरते, आणि केबल तर तिथेच आहेत. फरशी धुऊ नका, पिळलेल्या फडक्याने पुसा. सफाईच्या मावशींनाही हे आवर्जून सांगा.

पॅनल उचलण्यापूर्वी सोसायटीच्या कार्यालयात कळवावे, ही विनंती.

– सचिव