दुहेरी म्हणजे एकेरीतून उरलेल्यांचा खेळ नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा बॅडमिंटन स्पर्धेची बातमी आपल्या अंकात वाचली. एकेरीच्या विजेत्यांचे फोटो, प्रत्येक गेमचे गुण, प्रशिक्षकांची नावं, सगळं यथास्थित. दुहेरीला मात्र एक ओळ, तीही अगदी शेवटी. तुम्हाला एकट्यांना दोष देत नाही, स्पर्धेतही दुहेरीची हीच पायरी असते.

मी कॉलेज रोडला खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेटचं गटिंग करतो, म्हणजे रॅकेटची जाळी विणतो. मुलं सांगत नाहीत ते त्यांच्या रॅकेटी सांगतात. एकेरीवाल्याची फ्रेम बहुतेक टोकाला घासलेली असते, नेटजवळ पडणारं शटल उचलताना जमिनीला लागून. दुहेरीतली जोडी नवी असली तर फ्रेमच्या बाजूला टवके उडालेले दिसतात आणि त्यात भलत्याच रंगाचा ओरखडा. तो पार्टनरच्या रॅकेटचा रंग. मधोमध आलेलं शटल कुणाचं हे ठरलेलं नसलं की दोघंही हात घालतात आणि फ्रेमवर फ्रेम आपटते. दोन मुली अशाच यायच्या, एकीची निळी रॅकेट, दुसरीची लाल. निळीवर लाल ओरखडे, लालवर निळे. दिवाळीनंतर नवे टवके दिसेनात. विचारलं तर एक म्हणाली, ‘‘आता ओरडून सांगतो आम्ही एकमेकींना, काका.’’ जोडी जमली ती तेव्हा. पुढे एकीच्या वडिलांची पुण्याला बदली झाली आणि दुसरीला घरच्यांनी परत एकेरीला जुंपलं. मागच्या कोपऱ्यात तिचे पाय पोहोचत नाहीत, पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरते. पण नेटवर तिच्यासारखा हात या शहरात मी तरी दुसरा पाहिला नाही.

लहान गटांत आपल्याकडे रीतच ठरून गेली आहे. आधी एकेरी. तिथे जमलं नाही तर ‘‘दुहेरीत नाव टाकून दे.’’ पार्टनर आदल्या संध्याकाळी फोनवर ठरतो. सामने एकेरी आटोपल्यावर, म्हणजे पोरं दमलेली आणि सिन्नर-निफाडच्या पालकांना घरी जायची घाई. मग वॉकओव्हरवर वॉकओव्हर.

आता दुसरी बाजू बघा. मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातल्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांची जोडी 2016 मध्ये मलेशियन प्रशिक्षक टॅन किम हर यांनी लावली. चिरागची विशी यायची होती, सात्विक जेमतेम सोळाचा. दोघंही उंच, दोघांनाही मागून ठोकायची सवय. अशा दोघांना एकत्र आणायचं म्हणजे पुढे कोण येणार, हा प्रश्न रोजचाच. तरी ती जोडी मोडली नाही. 2018 मध्ये हैदराबाद ओपन, 2019 मध्ये थायलंड ओपन, 2022 मध्ये भारतीय संघातून थॉमस कप, म्हणजे पुरुषांचं सांघिक जगज्जेतेपद, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. त्यानंतर लगेच जागतिक क्रमवारीत पहिला नंबर. आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचं पदक आपल्याला त्याआधी मिळालं होतं ते थेट 1982 साली, दिल्लीत, आपल्या प्रदीप गंधेंना, लेरॉय डिसांच्या साथीनं. मधली सगळी वर्षं देशात हातच नव्हते असं मी मानत नाही. जोड्या टिकवल्या नाहीत, एवढंच.

टिकवणं महागही पडतं. जागतिक क्रमवारीत दुहेरीचे गुण जोडीच्या नावावर जमतात. पार्टनर बदलला की नव्या जोडीचं खातं नव्यानं उघडायचं. वरच्या पायरीवरचं बक्षीस तरी किती? 2023 ची इंडोनेशिया ओपन या दोघांनी जिंकली तेव्हा जोडीला मिळून 92,500 डॉलर मिळाले, तिथेच एकेरीच्या विजेत्याला एकट्याला 87,500. खालच्या पायऱ्यांवर, इंटरनॅशनल सीरीज आणि चॅलेंज स्पर्धांत, सुरुवातीच्या वर्षांत विमानाचं तिकीट सुटलं तरी नशीब म्हणायचं. घरचे मग म्हणतातच, ‘‘एकटा खेळ बाबा.’’ आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

म्हणूनच जे फुकटात होण्यासारखं आहे ते तरी नाशिकमध्ये व्हावं. धावपटू कविता राऊत आणि नौकानयनातला दत्तू भोकनळ घडवणारा हा जिल्हा. तेरा आणि पंधरा वर्षांखालच्या दुहेरीची नावं एकेरीबरोबरच बंद करा. जागेवर जुळवलेली जोडी घेऊ नका. दुहेरीची अंतिम लढत सकाळी ठेवा, पोरं ताजी असताना. क्लबांनी आठवड्यातला एखादा दिवस फक्त दुहेरीला द्यावा. इथे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. एकेरीला कोर्टावर दोघं, दुहेरीला चौघं. हॉलचं भाडं चौघांत वाटलं जातं, शटलचा डबाही. फेदर शटलचे भाव कुठे जाऊन पोहोचलेत ते काउंटरवर उभं राहून मी रोज बघतो. डब्यावरची किंमत वाचून शटल तसंच परत ठेवणारे बापही बघतो. त्यांना हा हिशेब कुणी सांगतच नाही.

आपला,
रॅकेटचं गटिंग करणारा एक वाचक,
कॉलेज रोड, नाशिक