ताबा सुटतो तो आदल्या दुपारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खासगी आरामबसला अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य ठरलेले असते. तो का सुटला याचा शोध वळण, खड्डा, समोरचा ट्रक इथेच थांबतो. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपुरते तरी हा शोध आदल्या दुपारी गाडी उभी होती त्या मैदानापासून सुरू करायला हवा.

पुण्यातला क्रम साधारण असा असतो. नागपूर, नांदेड किंवा इंदूरहून आलेली गाडी पहाटे वाघोलीला लागते. खराडी, येरवडा, संगमवाडी, स्वारगेट करत शेवटचा प्रवासी कात्रजला उतरेपर्यंत नऊ वाजतात. मग पार्सल उतरवायचे, गाडी धुवायची, डिझेल भरायचे, जे बिघडले असेल ते गॅरेजला दाखवायचे. चालक आडवा होतो तेव्हा अकरा वाजून गेलेले असतात. झोपायला जागा म्हणजे उन्हात उभ्या गाडीचा बर्थ, नाहीतर डिकी. इंजिन बंद, म्हणून एसीही बंद. एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याच्या डब्यात काय होत असेल, याची कल्पना बंद मोटारीत दहा मिनिटे बसलेल्या कोणालाही येईल. जवळपास स्वच्छतागृह नसते. शेजारच्या गाड्या हॉर्न देत मागे-पुढे होत असतात. चारच्या सुमारास क्लीनर उठवतो, कारण सहाला पहिला थांबा असतो. अशी तुकड्यातुकड्यांची तीन-चार तासांची झोप घेऊन चालक पुन्हा स्टिअरिंगवर बसतो.

पुढचे दोन-अडीच तास कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. कात्रजहून निघून पद्मावती, स्वारगेट, संगमवाडी, खराडी असे थांबे घेत वाघोलीच्या बाहेर पडेपर्यंत क्लच आणि ब्रेकवरचा पाय उचलता येत नाही. बारा मीटर लांबीची गाडी डावीकडे वळवताना मागची चाके आतून कापत येतात आणि मागच्या चाकांपलीकडचा भाग, म्हणजे ओव्हरहँग, बाहेरच्या बाजूला फिरतो. डाव्या आरशात न दिसणाऱ्या जागेत दुचाकी शिरलेली असते. प्रत्येक थांब्यावर ‘गाडी कुठे आहे’ असा फोन येतो. शिक्रापूर ओलांडल्यावर प्रवासी दिवे घालवून झोपतात. त्यांच्या दृष्टीने प्रवास तेव्हा सुरू होतो, पण चालकाचा निम्मा जीव तोपर्यंत खर्ची पडलेला असतो.

कायदा याबाबत मुका नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊनही १० आणि ५४ च्या पुढे जाता येत नव्हते. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक केले. महत्त्वाचे म्हणजे गाडी चालती असतानाच्या तासांखेरीज गाडी, प्रवासी आणि माल यांच्याशी संबंधित इतर कामांचा वेळही त्यात कामाचे तास म्हणून मोजला आहे. म्हणजे धुणे, डिझेल, पार्सल हे सगळे आले. हा कायदा आता २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला आहे. पण फेरीमागे पैसे मिळणाऱ्या चालकाचे तास तेव्हाही कोणी मोजत नव्हते आणि आजही मोजत नाही.

दोन चालक दिले की प्रश्न मिटला, असे मालक सांगतात. मात्र दिवसभर दोघेही त्याच मैदानात उकडत पडलेले असतील, तर पहाटे तीनला गाडी हाती घेणारा दुसराही तेवढाच थकलेला असतो. रात्री दोन ते पाच ही शरीराची झोपेची वेळ. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी तिच्यापुढे टिकत नाहीत. झापड येते तेव्हा डोळे उघडेही असू शकतात. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६६ मीटर, आणि तेवढ्या अंतरात चालक नसलेलीच गाडी धावत असते. सरळ, एकसुरी समृद्धी महामार्गावर धोका म्हणूनच जास्त. ८० चा स्पीड गव्हर्नर वेगाला लगाम घालतो, झोपेला घालू शकत नाही.

थकव्याचा दुसरा बळी म्हणजे निघण्यापूर्वीची तपासणी. नीट करायची तर तिला अर्धा तास लागतो, आणि घाईत पहिल्यांदा तीच गळते. ब्रेकसाठी दाबाची हवा साठवणाऱ्या एअर टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढायचे. पाण्याबरोबर तेल आले तर टाक्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर गॅरेजला दाखवायला हवा. चाकांना ठोकळे लावून, हवा पूर्ण भरून, इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून धरायचा. हवेच्या दाबाचा काटा उतरतच राहिला तर कुठेतरी गळती आहे. जोडचाकांच्या मध्ये दगड अडकला आहे का, आतल्या टायरमध्ये हवा कमी आहे का, हे बाहेरून उभ्याने दिसत नाही, वाकून पाहावे लागते. आतला टायर बसला की सगळा भार बाहेरच्यावर येतो, तो तापतो आणि फुटतो. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेला, टायर तर कधीही नको. चाक बदलले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळायचे.

साताऱ्याकडून पहाटे येणाऱ्या गाड्यांना तर शेवटची परीक्षा पुण्याच्या दारातच द्यावी लागते. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार लांब आहे. रात्रभर गाडी चालवत आलेला चालक तिथे पहाटे पोचतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी याच उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली, त्यानंतर तिथे फलक लागले, रंबलर म्हणजे वेग कमी करायला लावणारे उंच पट्टे बसले. त्यांचा उपयोग आहे, पण गाडी आवरते ती गिअरने. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायला हवा आणि इंजिनचा धूर अडवून गाडी मंद करणारा एक्झॉस्ट ब्रेक चालू हवा. चाकांचे ब्रेक न झिजवता वेग कमी करणारा रिटार्डर असेल तर तोही. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले की इंजिनचा अडसर जातो. सगळे वजन ब्रेकच्या लायनरवर येते. लायनर ज्यावर घासतो तो चाकातला ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनरची पकड उतरते आणि जळका वास येतो. पाय पुन:पुन्हा मारला की टाकीतली हवा संपत जाते. न्यूट्रलमध्ये मंद फिरणारा कॉम्प्रेसर ती तितक्या वेगाने भरू शकत नाही. इंजिनच बंद केले तर हवा भरणे थांबते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. असे तापलेले ब्रेक निवेपर्यंत गाडी सपाटीवर, ठोकळे लावून उभी करायची. पाणी ओतायचे नाही; ड्रमला तडा जातो.

आगीचा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळ्या पत्राचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी बस उलटली, दाराची बाजू खाली गेली, आग लागली आणि २५ प्रवासी दगावले. दार खाली गेल्यावर वाट उरते ती मागचा संकटकालीन दरवाजा, छतावरची झडप आणि काचेवरचा हातोडा यांची. यांतली एक तरी वाट बर्थ, गादी किंवा पार्सलने बंद झालेली अनेक गाड्यांत दिसते. पुण्यातून गावी पाठवलेल्या दुचाकी डिकीत चढवताना पेट्रोल पूर्ण काढलेले असते का, हे कोण पाहते? बर्थमागे चार्जर आणि रंगीत दिवे लावताना फ्यूजशिवाय जोडलेल्या तारा हेही तेवढेच धोक्याचे.

परिवहन खात्याने आणि महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात. संगमवाडी, वाघोली, कात्रज या भागांत चालकांसाठी अंधाऱ्या, हवेशीर खोल्या बांधाव्यात; तिथे खाट, न्हाणीघर आणि स्वच्छतागृह असावे. जागेचे भाडे बसमालकांकडून पार्किंग शुल्कात घेता येईल. दुसरे म्हणजे, २०१९ पासूनच्या नव्या प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र सक्तीचे आहे. गाडी केव्हा निघाली, किती वेळ सलग चालली, थांबली किती, हे त्यातून कळते. त्याच्या जोडीला चालकाची हजेरी नोंदवा आणि पहिल्या थांब्यापासूनचे तास धरा. मर्यादा ओलांडली तर दंड मालकाला करा. सध्या उशिराचा दंड चालकाच्या भत्त्यातून कापला जातो. त्यामुळे झापड आली तरी तो थांबत नाही.

प्रवाशांनाही एक विनंती. पहाटे तीनला गाडी ढाब्यावर वीस मिनिटे उभी राहिली तर केबिनचे दार वाजवू नका. तोंड धुऊन, थोडे चालून, डोळे मिटून बसायला चालकाला तेवढा वेळ लागतो.

आपला,
खासगी बसवाहतुकीतील एक चालक
कात्रज, पुणे