बद्दावीच्या मावशींना

प्रिय मावशी,

निर्वासितांच्या छावणीत सगळे तुम्हाला 'खालती' म्हणायचे. आमच्याकडे त्याला मावशीच म्हणतात. हे पत्र मराठीत आहे, तेव्हा तुम्ही ते वाचणार नाही. पण तुमच्याबद्दल माझ्या माणसांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

२० मे २००७ ला उत्तर लेबनॉनच्या नहर अल-बारिद या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीत फतह अल-इस्लाम या कट्टर गटाचे बंदूकधारी आणि लेबनॉनचं सैन्य यांची जुंपली. दोन दिवसांनी तोफा जरा थांबल्या आणि तिथले पॅलेस्टिनी मिळेल त्या गाडीने तुमच्या बद्दावीच्या छावणीत आले. पुढे बेघरांचा आकडा तीस हजारांच्या घरात गेला. मी मदतपथकातली नवखी नर्स. शाळेच्या एकेका वर्गात चादरी बांधून चार-चार कुटुंबं, आणि माझ्या हातात फॉर्म. 'पत्ता' या रकान्याशी जो तो अडायचा.

तुम्ही माझं पेन काढून घेतलंत. भाचीने इंग्रजीत सांगितलं, "मावशी म्हणते, पत्ता विचारू नकोस. शेजारी कोण राहायचं ते विचार."

मग माणसं बोलायलाच लागली. सफ्फुरियाच्या गल्लीतले, दामूनच्या गल्लीतले. १९४८ मध्ये इस्रायल झालं तेव्हा सुटलेल्या पॅलेस्टाइनमधल्या गावांची नावं त्यांनी छावणीतल्या वस्त्यांना दिली होती. इन्सुलिन घेणारी एक आजी दोन दिवस सापडत नव्हती. ती कुठल्या वर्गात आहे, ते तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारीने सांगितलं.

तुम्ही काही संत नव्हतात हं. दोन खोल्यांत एकोणीस माणसं. टाकीतलं पाणी संपलं की पाहुण्यांच्या नावाने खडे फोडायचात, आणि तेच तोंड चालू ठेवून मसूर-भाताचं पातेलं चढवायचात.

लढाई २ सप्टेंबरला संपली. दीडशेहून जास्त जवान गेले, त्यात शेजारच्याच अक्कारची कितीतरी पोरं. त्यामुळे बाहेर तुमच्या लोकांकडे कोणी धड बघेना. जुनी छावणी तर जवळजवळ सपाटच झाली होती. नंतर वाचलं, की ती पुन्हा बांधण्यासाठी रहिवाशांनी कुणाचं घर कुणाला लागून होतं ते आठवून, गल्ली-गल्ली करत नकाशे काढले.

ते पेन तुमच्याकडेच राहिलं. असू द्या.

तुमची,
हिंदी नर्स